काचेच्या कोपऱ्यातले सर

मी आज जो काही आहे तो ज्यांच्यामुळे आहे, ते माझे सर. अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबचे ते प्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखालचा सर्वांत नवा डॉक्टर. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण तो त्यांचाच नियम आहे. तपासायला आलेल्या प्रत्येक काचेवर पेशंटचं नाव असतं. सर आधी त्या नावावर कागदी चिकटपट्टी लावायचे आणि मगच काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवायचे. "नाव वाचलं की डोळे लबाडी करतात," ते म्हणायचे. "सही करताना पट्टी काढायची. तोवर तो नुसता पेशंट." त्यांच्याबद्दल लिहिताना मीही पट्टी लावतो आहे. त्याच पट्टीने एके दिवशी माझा जीव टांगणीला लावला होता, ते सांगायचं आहे.

जिवंत माणसांचीही नावं सर घेत नसत. ज्याला त्याला गावाच्या नावाने हाक. आमच्या मुख्य तंत्रज्ञ बाई मुलुंडहून येत, म्हणून त्या 'मुलुंड'. मी वाशीम जिल्ह्यातला, म्हणून 'वाशीम'. नव्या माणसाला वाटायचं, लॅबमध्ये रेल्वेची उद्घोषणा चालली आहे. "मुलुंड, वाशीमला सांग, त्याच्या काचा तयार आहेत." वास्तविक मी त्यांच्या समोरच उभा असायचो.

त्यांची माझी पहिली भेट म्हणजे माझी मुलाखत. मी सरकारी कॉलेजातून एम.डी. झालो होतो, पण दहावीपर्यंतचं सगळं शिक्षण जिल्हा परिषदेच्या शाळेत झालेलं. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलेलं नव्हतं. बाबा डाळ मिलमध्ये पोती शिवायचे, आई तिथेच डाळ निवडायची. मुंबईत गोवंडीला मावसभावाकडे उतरलो होतो. आधीच्या दोन ठिकाणी इंग्रजी बोलताना माझी जीभ अडखळली आणि तिथूनच परत पाठवणी झाली होती. सरांनी माझ्या प्रमाणपत्रांकडे पाहिलंच नाही. दोघांना एकदम बघता येईल असा त्यांचा सूक्ष्मदर्शक होता. त्यात एक काच लावून ते म्हणाले, "काय दिसतं?"

मी इंग्रजीत सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्यात अडकलो.

"इंग्रजी राहू दे. आईला सांगायचं असतं तर काय सांगितलं असतंस?"

मी म्हणालो, "मूग सांडल्यासारख्या गोल, सारख्या पेशी आहेत सर. मधून मधून मोठे, वाकडे खडे आहेत. ते यातले नाहीत."

सर भिंगातून काच पुढे-मागे सरकवत राहिले. मला वाटलं, हीही नोकरी गेली. मग डोळे न उचलता म्हणाले, "आई निवडायला बसते काय रे?"

"हो सर. डाळ मिलमध्ये."

"मग नजर घरूनच आणली आहेस. उद्यापासून ये. इंग्रजी मी लिहून देईन, खडे तू शोध."

सर मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते, बालपण परळच्या चाळीत गेलं, नंतर बिऱ्हाड घाटकोपरला आलं. एरवी स्वच्छ मराठी बोलायचे, पण रागावले की मालवणी यायची. त्यांचं एक वाक्य आमच्या कानांत कायमचं बसलं आहे: "दिसता ता सांग, वाटता ता नको!" मी काच बघत असलो की ते मागे येऊन उभे राहायचे. पावलांचा आवाज नसायचा. मानेला त्यांचा श्वास लागला की ते आलेले कळायचे. "मला वाटतं सर, हा..." एवढं तोंडातून निघालं की खुर्चीची पाठ एकदा खाडकन वाजायची. मग मी पुन्हा पहिल्यापासून सांगायचो. काय दिसतं, कुठे दिसतं, किती दिसतं. निदान सगळ्यांत शेवटी.

आमच्याकडे सर्वांत नाजूक काम फुफ्फुसाच्या कॅन्सरचं. श्वासनळीतून दुर्बीण घालून किंवा बाहेरून सुई टोचून काढलेला तुकडा येतो. शेवयीचं टोक मोडून पडावं एवढासा. तो मेणाच्या ठोकळ्यात बसवतात आणि कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढून काचांवर घेतात. त्या शेवयीच्या टोकातूनच सगळं कळायला हवं. कॅन्सर आहे का, असला तर कुठल्या जातीचा आणि त्याला कुठलं औषध लागू पडेल. जात चुकली तर औषध चुकतं. तुकडा संपला तर पेशंटला पुन्हा टोचायचं, आणि दम लागलेल्या माणसाला पुन्हा टोचणं म्हणजे काय, ते त्याच्या घरच्यांना विचारावं.

ठोकळा यंत्रावर दुसऱ्यांदा चढवला की तो सपाट करण्यातच बराचसा तुकडा वाया जातो. म्हणून सरांचा दंडक होता: एकदाच चढवायचा, सगळे काप एका बैठकीत काढायचे. मुलुंड काप काढायला बसल्या की पंखा बंद, बोलणं बंद. विमानतळ जवळ असल्यामुळे डोक्यावरून विमान गेलं की त्या पातं वर धरून थांबायच्या. आम्हीही श्वास धरून थांबायचो.

मग रंग. नेहमीच्या गुलाबी-निळ्या रंगात कॅन्सर दिसतो, पण जात दर वेळी दिसतेच असं नाही. त्यासाठी खास रसायनं असतात. एकाने ग्रंथींसारख्या वाढणाऱ्या जातीच्या पेशी बहुधा तपकिरी होतात, दुसऱ्याने खवल्यांसारख्या जातीच्या, तिसऱ्याने मज्जातंतूंशी नातं सांगणाऱ्या पेशी. अशा प्रत्येक काचेवर पेशंटच्या तुकड्याशिवाय एका कोपऱ्यात दुसराच एक तुकडा लावलेला असतो, ज्याच्यात रंग यायलाच हवा. त्याच्यात आला नाही, तर रंगकामच बिघडलेलं आहे. सगळे त्याला कंट्रोल म्हणतात. सर त्याला साक्षीदार म्हणत. "आधी साक्षीदार बघ. साक्षीदार मुका असला तर आरोपीला सोडायचंही नाही आणि लटकवायचंही नाही."

ही सवय त्यांनी बाजारातही नेली होती. मासळी घ्यायला जाताना पिशवीत पितळेचं अर्ध्या किलोचं वजन असायचं. कोळणीच्या काट्यावर ते आधी आपलं वजन ठेवायचे, काटा नीट बघायचे आणि मगच पापलेट मागायचे. एकदा मी बरोबर होतो. कोळीण कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ए डाक्टर, तुजा वजन घरान ठेव, नायतर मावरा नाय भेटाचा!"

"तुझ्यावर माझा विश्वास आहे गं. काट्यावर नाही."

"काटा माजाच हाय ना रं मेल्या!"

सर तिच्याकडूनच मासळी घेत राहिले आणि ती त्यांना शिव्या देत राहिली.

पण त्यांचा खरा विक्षिप्तपणा पुढेच आहे. आमच्या लॅबमधला साक्षीदार म्हणजे खुद्द सर होते. मी येण्याच्या बऱ्याच आधी त्यांचं अपेंडिक्स सुजलं होतं. वेदनेने गुरासारखे ओरडत असतानाही त्यांनी सर्जनला ताकीद दिली होती, की काढल्याबरोबर पेशी टिकवणाऱ्या फॉर्मालिनमध्ये टाका, ट्रेमध्ये वाळवत ठेवलंत तर तुम्हाला सोडणार नाही. अपेंडिक्समध्ये आतड्याच्या पेशी, मज्जातंतू, झपाट्याने वाढणाऱ्या पेशी असं सगळं एकाच ठिकाणी मिळतं, म्हणून बऱ्याच रंगांना ते साक्षीदार चालतं. त्या अपेंडिक्सचे ठोकळे करून सरांनी ते लॅबला दिले. तेव्हापासून किती अनोळखी माणसांच्या काचांच्या कोपऱ्यात सर जाऊन बसले, कोण जाणे.

मुलुंड त्यांना सरळ विचारायच्या, "सर, आज तुमचं थोडं जास्त कापू का? केसेस खूप आहेत."

"काप गं. मला दुखत नाही."

"संपत आलंय पण तुमचं."

"माझंच नाही, सगळ्यांचंच संपतं," असं म्हणून सर पुन्हा काचेत डोकं घालायचे.

एक प्रसंग त्यांच्या डब्याचा. त्या दिवशी मिसळीच्या उसळीत वाटाणे आणि हरभरे दोन्ही होते. सरांनी चमच्याच्या पाठीने दोन दाणे ताटलीवर रगडले आणि ताटली माझ्यापुढे केली. "यातला हरभरा कुठला?" मी वास घेतला, साल शोधलं, काही कळेना. "नाही ना कळत? काढतानाच चिमटा जोरात बसला की पेशींचं असंच होतं. चिरडलेल्यावर कधी विश्वास ठेवायचा नाही. मोठमोठे फसलेत." मी मान हलवली. ती चिरडलेली उसळ सरांनी पावाला लावून खाल्लीसुद्धा.

सरांना खोकला लागला. आम्ही धुळीवर ढकललं, शेजारच्या गाळ्यातल्या रंगाच्या फवाऱ्यावर ढकललं. सर आयुष्यात कधी सिगारेट न ओढलेले. पुढे ते रुमाल खिशात न ठेवता ड्रॉवरमध्ये ठेवायला लागले आणि ड्रॉवरला कुलूप लावायला लागले. एकदा बाहेर आलेल्या रुमालावर मी लाल ठिपके पाहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग रुमाल आत टाकून कुलूप फिरवलं.

मग एके दिवशी सकाळी त्यांनी मला खोलीत बोलावलं. दार लावायला सांगितलं. टेबलावर एक ट्रे होता. पाच पेशंटच्या काचा, सगळ्या फुफ्फुसाच्या. सगळ्या नावांवर पट्ट्या आणि पट्ट्यांवर सरांच्या अक्षरातले आकडे, एक ते पाच.

"माझी दुर्बिणीची तपासणी झाली," सर म्हणाले. "नळीत गाठ आहे. तुकडा आपल्याकडेच आलाय. या पाचांत एक मी आहे."

मी पट्ट्यांवरचे आकडे पुन्हा एकदा वाचले.

"कुठला ते मला माहीत आहे आणि मुलुंडला. तुला कळता कामा नये. सगळे वाच आणि सांग."

"सर, दुसऱ्या मोठ्या लॅबला पाठवू या. मी नको."

"तिथले लोक माझं नाव वाचून आधी मान झुकवतील आणि मग काच बघतील. मला मान नको आहे, निदान हवंय. पुढे पाठवू, पण आधी तू वाच. तुला मी शिकवलंय. तू चुकलास तर चूक माझी."

"आणि... काय निघालं तर काय?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "बाकी काही असलं तर बघू. स्मॉल सेल असला तर मी काही करून घेणार नाही. केमो नाही, काही नाही. शनिवारी गावी. घरी सांगून ठेवलंय."

स्मॉल सेल ही फुफ्फुसातली सर्वांत घाईची जात. आठवड्या-आठवड्याला पसरते.

"तुम्ही बघितलीत का सर, तुमची काच?"

"गुलाबी-निळी बघितली. मला काय वाटलं ते विचारू नको." आयुष्यभर 'वाटलं' या शब्दावर खुर्ची आपटणारा माणूस तो शब्द बोलला, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

ते समोरच बसले. उठून जातील असं मला वाटलं होतं. पण सूक्ष्मदर्शकाच्या दुसऱ्या भिंगाला डोळा न लावता, हाताची घडी घालून, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसून राहिले.

पहिली काच. मी आधी कोपऱ्यात गेलो. साक्षीदार ठीक. मग पेशंट. ग्रंथींसारखी रचना, रंगही तसाच. "ॲडिनो," मी म्हणालो.

"दिसता ता सांग."

मी काय दिसतं ते सांगितलं आणि मग पुन्हा निदान. मनात मात्र एकच चाललं होतं. सिगारेट न ओढणाऱ्यांत ही जात जास्त दिसते, हिच्यावर गोळ्यांची औषधंही निघाली आहेत. ही सरांची असेल तर बरं. दुसरी काच, खवल्यांची जात. काचेत धुराची काळी काजळी होती. ही सरांची नाही, मी ठरवून टाकलं. लगेच स्वतःलाच दटावलं. मुंबईत कोणाच्या फुफ्फुसात काजळी नाही? मी जात ओळखायची सोडून माणूस शोधत होतो.

तिसरी. मी पुढे-मागे सरकवत राहिलो. निळ्या पेशींचा चिखल झाला होता. चिमटा जोरात बसलेला. शाई बोटाने फराटावी तशा पेशी ओढल्या गेलेल्या. मज्जातंतूंच्या नातेवाइकांचा रंग चांगला आलेला. स्मॉल सेल असाच दिसतो, असाच रंग घेतो.

"बोल."

"सर, तिसरी मी बाजूला ठेवतो. शेवटी सांगतो."

"ठेव."

चौथी सोपी निघाली, कॅन्सरच नव्हता, जुनी सूज होती. ही सरांची असू दे, मी मनात म्हणालो. पाचवी लावली. इथे चिखल नव्हता. पेशी शाबूत होत्या. एकमेकींना दाबून बसलेल्या, जागोजागी दुभंगणाऱ्या, मधूनच मेलेल्यांचे पट्टे. शंकेला जागाच नव्हती. स्मॉल सेल.

मी ते सांगितलं आणि माझ्या मनात शब्द उमटले, देवा, ही सरांची नसू दे. आमच्या घरात देवाला सहसा कोणी हाक मारत नाही. ती हाक निघून गेल्यावर तिचा अर्थ कळला. ही सरांची नसू दे म्हणजे ही दुसऱ्या कोणाची तरी असू दे. नावावर पट्टी का लावायची, ते सरांनी मला कितीदा सांगितलं होतं, पण त्या क्षणी ते मला आतून कळलं.

"आता तिसरी," सर म्हणाले.

"सर, तिसऱ्यावर की-६७ लावायला हवं." या रंगाने फक्त वाढीला लागलेल्या पेशी तपकिरी होतात. स्मॉल सेलमध्ये जवळजवळ सगळ्याच होतात. संथ गाठीत एखाददुसरीच.

"कशाला? साधा स्मॉल सेल आहे."

"चिरडलेल्या आहेत सर."

"बाकीचे रंग जुळतात ना? मग झालं."

"जुळतात. पण ते संथ वाढणाऱ्या कार्सिनॉइडलाही जुळतात."

"एकच कोरा काप उरलाय त्याचा," सर जवळजवळ ओरडले. "तो नासायचा नाही. लिहून टाक!"

मी त्यांच्याकडे पाहिलं. एखादा रंग टाळा, असं त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. तिसऱ्याचे किती कोरे काप उरलेत, हेही त्यांनी काच न बघता सांगितलं होतं. ते अजून कॅलेंडरकडेच बघत होते आणि त्यांच्या जबड्याची शीर उडत होती. तिसरी कोणाची, हे विचारायची आता गरज नव्हती. सरांनी आपली काच स्वतः पाहिली होती आणि रगडलेल्या वाटाण्याला हरभरा म्हणून मोकळे झाले होते.

मी म्हणालो, "सर, तुम्हीच शिकवलंत. चिरडलेल्यावर विश्वास ठेवायचा नाही. की-६७ शिवाय मी सही करणार नाही."

"काय रे, माका शिकवतंस?"

"हो सर."

दार उघडून मुलुंड आत आल्या. त्या बाहेरच उभ्या असाव्यात. त्यांनी ट्रेमधून तिसऱ्याचा तो कोरा काप उचलला. "मी लावते मशीनला," एवढंच म्हणाल्या आणि सरांकडे न बघता निघून गेल्या.

रंग चढायला दुपार जाते. सर खोलीतून बाहेर आले नाहीत. मी डबा उघडून तसाच बंद केला. मनात उलटसुलट चाललं होतं. पेशी तपकिरी निघाल्या तर त्यांच्या दुखण्यावर मी शिक्का मारल्यासारखं होईल. शिवाय शेवटचा काप वाया घालवला, असंही होईल. एकदा मशीनजवळ गेलो तर मुलुंड स्टुलावर बसलेल्या, हातात रुमाल.

"कोपऱ्यात सरांचंच अपेंडिक्स लावलंय," त्या म्हणाल्या. "दुसरं काही नव्हतं. एकाच काचेवर दोन्हीकडे सर. असं कधी केलं नव्हतं रे."

काच तयार झाली तेव्हा खिडकीत उतरतं ऊन होतं. सर या वेळी दुसऱ्या भिंगाला डोळा लावून बसले. आम्ही दोघं एकाच काचेत उतरलो. मी कोपऱ्यात गेलो. अपेंडिक्समधल्या वाढत्या पेशी गडद तपकिरी, एक न एक. साक्षीदार स्पष्ट बोलत होता. मग मी काच हळूहळू दुसऱ्या टोकाकडे सरकवली.

सगळं निळं. मला वाटलं, काच धूसर आहे. भिंग वाढवलं. निळं, निळं, एक तपकिरी ठिपका, मग परत निळं. लांबवर आणखी एक. मी तुकड्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गेलो, परत आलो.

"सांग," सर म्हणाले.

"साक्षीदार ठीक आहे. पेशंटच्या पेशी चिरडलेल्या आहेत, पण वाढणाऱ्या अगदी थोड्या. हा स्मॉल सेल नाही सर. संथ गाठ आहे, कार्सिनॉइड. ऑपरेशन करून काढता येईल अशी."

त्यांनी काच माझ्या हातून आपल्या ताब्यात घेतली. सवयीने आधी कोपऱ्यात गेले. स्वतःचं अपेंडिक्स पुन्हा नीट तपासलं. मग टोकाला गेले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. चष्म्याच्या काचेवर वाफ धरली होती. मी रडेन की हसेन, याचा मला भरवसा नव्हता.

डोळे वर करून ते म्हणाले, "पाच नंबरच्या डॉक्टरला फोन केलास?"

केला नव्हता. सकाळपासून निदान तयार होतं.

"मेल्या, तो तिकडे वाट बघता हा. आण फोन."

मुलुंडनी पाच नंबरच्या डॉक्टरांचा नंबर काढून दिला, मी तो लावला आणि फोन सरांना दिला. सर उभे राहून बोलत होते. "स्मॉल सेल आहे. नाही, शंका नाही. आजच दाखल करून घ्या, उद्यावर टाकू नका. हा आजार औषधाला लवकर ऐकतो, वेळ दवडू नका. काय? पेशंट नको म्हणतोय? घाबरलाय हो. ऐकू नका त्याचं. बसा त्याच्याजवळ, समजवा."

मुलुंड दारात उभ्या होत्या. फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "सर, स्मॉल सेल असला की शनिवारी गावी जायचं असतं ना?"

"गप गं मुलुंड," सर म्हणाले आणि खुर्चीत बसून त्यांनी टेबलावर डोकं टेकलं. त्यांचे खांदे हलताना आम्ही पाहिले आणि दार ओढून घेतलं.

पुढे त्या काचा पट्टी लावूनच आणखी एका लॅबला गेल्या आणि तेच उत्तर आलं. सरांचं ऑपरेशन झालं. फुफ्फुसाचा एक भाग काढला. नंतर त्यांनी काम सोडलं आणि ते मालवणला राहायला गेले. फोनवर फारसे बोलत नाहीत. "फोनवर माणूस वाटतं ते बोलतो, कागदावर दिसतं ते लिहितो," असं म्हणतात. म्हणून मागच्या आठवड्यात मी त्यांना पत्र पाठवलं. ते असं:

आदरणीय सर,

सविनय जय भीम.

तुमच्या फुफ्फुसाचा रिपोर्ट तुम्हाला मिळालाच आहे. कापलेल्या कडा स्वच्छ आहेत, गाठ कुठे पसरलेली नाही, हे तुम्ही स्वतः काचा मागवून पाहिलंत, त्यामुळे पुन्हा लिहीत नाही. हे पत्र दुसऱ्या कामासाठी आहे.

पंधरा दिवसांपूर्वी तुमचं अपेंडिक्स संपलं. शेवटचा काप मुलुंडबाईंनी काढला. पंखा बंद होता. नंतरही तो कोणी लावला नाही. रिकामा ठोकळा त्यांनी टाकून दिलेला नाही, त्यांच्या ड्रॉवरमध्ये आहे.

तुमच्या फुफ्फुसाचा गाठीपासून लांबचा भाग निरोगी आहे. थोडी काजळी आहे, पण ती अंधेरीची आहे. ॲडिनो ओळखायच्या रंगाला तुमचं अपेंडिक्स कधी चाललं नाही. त्याला फुफ्फुसच लागतं. तुमची परवानगी असेल तर त्या भागाचे ठोकळे करून साक्षीदार म्हणून वापरू. गाठीचाही एक तुकडा ठेवू, म्हणजे पुढच्या कार्सिनॉइडला सोबत होईल. पेशंटचं काहीही न विचारता घ्यायचं नाही, हे तुम्हीच सांगितलंत, म्हणून विचारतो आहे. नावावर पट्टी लावीन.

पाच नंबरच्या डॉक्टरांचा फोन आला होता. नव्या स्कॅनमध्ये गाठ लहान झाली आहे. पुढचं कोणी सांगू शकत नाही, पण माणूस जेवतो आहे आणि डॉक्टरांशी भांडतो आहे, असं कळलं. नाव मी अजून विचारलेलं नाही.

सध्या शेजारच्या लॅबकडून मागून आणलेलं कोणाचं तरी टॉन्सिल कोपऱ्यात लावतो. रंग चांगला घेतं. मुलुंडबाई त्याला 'पाहुणे' म्हणतात. मी अजूनही काच ठेवली की आधी कोपऱ्यात जातो सर, आणि तिथे तुम्ही नसता.

उत्तराची वाट बघतो.

आपला,
वाशीम